जुन्या टोयोटा पिकअपला सॉलिड ॲक्सल: ग्राइंडर उचलायच्या आधी

तुम्ही विचारलंय की ८९ ची टोयोटा पिकअप आहे, २२आरई इंजिन, घरचं गॅरेज, नवीन घेतलेलं ११० व्होल्टचं वेल्डिंग मशीन, तर पुढचं आयएफएस (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं सस्पेन्शन) काढून सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल) एका लाँग वीकेंडला बसेल का. वीकेंडला नाही बसणार, पण घरी नक्की बसेल. गाडीही चांगली निवडलीत, कारण अमेरिकेत टोयोटानेच १९७९ ते ८५ पर्यंत फोर बाय फोर पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) दिले होते, टॉर्शन बारवालं (स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या दांड्याचं) आयएफएस ८६ ला आलं. तो जुना ॲक्सल शोधा. त्याचा डिफ (ॲक्सलवरचा डिफरन्शियल गिअरचा गोळा) उजवीकडे असतो, तुमच्या ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) पुढचं आउटपुटही उजवीकडेच, आणि चाकाचे सहा बोल्टसुद्धा जुळतात. स्वस्तात मिळतोय म्हणून दुसऱ्या कुठल्या गाडीचा डाव्या डिफचा ॲक्सल घरी आणू नका, प्लीज.

आता माझं मुख्य म्हणणं. ॲक्सल पूर्ण तयार होऊन जमिनीवर पडलेला असेपर्यंत गाडीला ग्राइंडर लावायचा नाही. बहुतेक प्रोजेक्ट इथेच अडकतात, पहिल्या दिवशी उत्साहात आयएफएस कापून टाकतात आणि मग गाडी वर्षभर स्टँडवर, एक एक पार्ट शोधत बसायचं, गॅरेज अडलेलं आणि घरचे वैतागलेले. ॲक्सल आधी उघडा. जुन्या ॲक्सलमध्ये आतलं सील गेलेलं असतंच असतं, मग डिफचं गिअर ऑइल नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या भागात) उतरतं, ग्रीसमध्ये मिसळतं आणि काळं पातळ पाणी बाहेर गळत राहतं. सगळं काढून धुवा, सील, ट्रनियन बेअरिंग (ज्यावर नकल वळतो ते), व्हील बेअरिंग नवीन टाका, बर्फील्ड जॉइंटला (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणाऱ्या सांध्याला) मॉलीवालं ग्रीस भरा. हबच्या नटाला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो तो आधीच मागवा, छिन्नी-हातोडीने ते नट फिरवू नका. मागचा गिअर रेशो कुठला आहे ते बघा आणि पुढे तोच टाका, दोन्हीकडे वेगळा रेशो असेल तर फोर व्हीलमध्ये टाकल्याबरोबर सगळं एकमेकांविरुद्ध ओढायला लागेल. ३५ इंची टायर डोक्यात असतील तर आत्ताच दोन्हीकडे ४.८८ किंवा ५.२९ रेशोचा विचार करा. आणि हो, जुना ॲक्सल तुमच्या मागच्यापेक्षा साधारण ३ इंच अरुंद भरेल, ते दर बाजूला दीड इंचाचे चांगले स्पेसर लावून किंवा आयएफएसचे हब वापरून भरून निघतं.

कापायच्या दिवशी टॉर्शन बारचं टेन्शन ॲडजस्टरच्या बोल्टवरून पूर्ण उतरवा, मगच बाकीचं खोला. ताणलेला बार सुटला तर हात मोडेल. चासी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ब्रेक आणि पेट्रोलच्या लाइनी चासीला कुठून गेल्यात ते हाताने चाचपून बघा, बॅटरी सोडवा. आणि एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतोय, वेल्डिंगच्या जागेवर क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर अजिबात मारू नका, त्याच्यावर आर्क पडला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि ती चिंधी लांब ठेवा.

बसवताना आधी सगळीकडे फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे. हँगर (पाटा चासीला धरणारा कंस), शॅकल (पाट्याच्या टोकाचा हलता दुवा), ॲक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका, सगळं टाक्यांवर. ओळंबा सोडून चासीच्या दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या भोकांपासून ॲक्सलच्या दोन टोकांपर्यंत तिरपी मापं घ्या, ती सारखी येईपर्यंत हलू नका. मग इंजिन, बंपर, विंच असेल तर विंच, असं पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या आणि तेव्हाच कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मोजा, कारण रिकाम्या पाट्यावर मोजलेला कोन वजन आल्यावर बदलतो. ५ अंशांच्या आसपास ठेवा. फार कमी ठेवलात तर हायवेला गाडी भटकते, स्टिअरिंग परत सरळ येत नाही. फार वाढवलात तर पिनियन (डिफचा ड्राइव्हशाफ्ट जोडायचा गिअर) खाली झुकतो आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो. बैठक एकदा पूर्ण वेल्ड झाली की दोन्ही कोन एकमेकांना बांधले जातात, म्हणून इथे दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

स्टिअरिंगला बहुतेक नवखे शेवटी हात घालतात, माझ्या मते ते कागदावर सगळ्यात आधी ठरलं पाहिजे. जुन्या गाडीत पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा) पुढे-मागे ढकलायचा, आणि गाडी उंच केली की खड्ड्यात चाक आपोआप वळायचं. तुमच्या आयएफएसच्या स्टिअरिंग बॉक्सचा आर्म आडवा फिरतो, त्यामुळे तोच बॉक्स वापरून उजव्या नकलपर्यंत लांब आणि होईल तितका आडवा ड्रॅग लिंक (बॉक्स आणि नकल जोडणारा दांडा) घ्या, आणि नकलच्या वर हाय स्टीअर आर्म (तो दांडा उंचावर जोडायचा हात) लावा. बॉक्स पुढे सरकवायला लागू शकतो. तिथे चासीला प्लेट लावा आणि बोल्टसाठी आरपार नळ्या घाला, नाहीतर मोठ्या टायरच्या ओढीने चासीला भेग जाते.

वेल्डिंगचं स्पष्ट सांगतो. पाव इंची हँगरला तुमचं ११० वालं मशीन पुरणार नाही, वरून सुंदर दिसेल पण आत वितळलेलंच नसेल. टाके तुम्ही मारा, कापणं, घासणं, फिटिंग तुम्हीच करा, पण हँगर आणि स्टिअरिंग बॉक्सचं शेवटचं वेल्डिंग रोज हेच काम करणाऱ्या माणसाला घरी बोलावून करून घ्या. शिकायचंच असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगचा कोर्स बघा, तिथे तुमचा वेल्ड कापून आतून दाखवतात. ह्या गाडीसमोरून दुसऱ्यांची माणसं येणार आहेत हो, म्हणून इतका आग्रह.

बंप स्टॉप (पाटे जास्त दबू नयेत म्हणून लावायचे रबर) लावण्याआधी पाटे पूर्ण दाबून बघा, डिफ किंवा टाय रॉड ऑइल पॅनला लागतोय का ते. मग पूर्ण लोंबकळवून बघा, ब्रेकचा होज ताणला जातोय का आणि ड्राइव्हशाफ्ट स्प्लाइनमधून बाहेर येतोय का. लिफ्टच्या उंचीचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, ते आणि इन्शुरन्सचं आधीच विचारून घ्या. टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) घरीच टेपने लावता येतो, पुढून पाव इंचापेक्षा कमी आत. पहिल्या शंभर मैलांनंतर पाट्यांचे यू-बोल्ट परत टॉर्क करा. ॲक्सल मिळाला की हाउसिंगचे आणि नकलचे फोटो टाका, कुठलं किट मागवायचं ते बघून सांगतो.