हॅलोविन पार्टीसाठी डेव्हिल्ड एग्ज (उकडलेली अंडी अर्धी कापून, बलकाचं सारण करून परत भरलेली) भुताटकीची कशी दिसतील?

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागावर कोळ्याचं जाळं उमटवणं. अंडी 10-12 मिनिटं उकडून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. गार झाली की सोलू नका, चमच्याने हलकेच ठोकून कवचाला सगळीकडून तडे पाडा. मग काळा किंवा जांभळा खायचा रंग घातलेल्या पाण्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सोलल्यावर तड्यांच्या जागी जाळं दिसतं. रंग गडदच हवा, फिक्या रंगात मेहनत वाया जाते. आणि हातमोजे घाला, नाहीतर पार्टीत तुमचीच बोटं भुताची दिसतील!

अगदी ताजी अंडी नीट सोलली जात नाहीत, आठवडाभर आधी आणलेली घ्या.

सारण नेहमीचंच: 6 अंड्यांच्या बलकात 3 मोठे चमचे मेयोनीज, 1 छोटा चमचा मस्टर्ड, मीठ, मिरपूड, दोन थेंब व्हिनेगर. वर कोळी बसवायचा असेल तर काळं ऑलिव्ह उभं अर्धं कापा. एक अर्ध म्हणजे धड, दुसऱ्याच्या बारीक कापांचे आठ पाय. हे काम किचकट आहे, सगळ्या अंड्यांवर करत बसू नका. भरलेली अंडी 2 तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका.