ग्लिसरीन लावूनही गाल का ओढतात?

प्रश्न : मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन रोज रात्री चेहऱ्याला तसंच चोळते. पावसाळ्यात त्वचा छान मऊ होती. आता मे महिन्यात सकाळी उठल्यावर गाल ओढतात, ओठांची सालं निघतात. बाटली खराब निघाली का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : बाटलीचा दोष नाही, पाणी कमी पडतंय. ग्लिसरीन ओलावा तयार करत नाही. मिळेल तिथून ओढतं आणि धरून ठेवतं. बशीत एक थेंब उघडा ठेवून बघा. ऑगस्टमध्ये दोन दिवसांत तो पातळ होऊन पसरतो, कारण हवेतलं बाष्प पितो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तोच थेंब मधासारखा घट्ट राहतो. दुपारी हवेत ओलावाच नसतो, तर ओढणार काय? मग तुम्ही कोरड्या गालावर चोळलेलं ग्लिसरीन त्वचेच्या आतल्या थरांतलं पाणी वर खेचतं आणि ते पाणी उडून जातं.

तेव्हा पाणी आपणच द्यायचं. 5 मिली ग्लिसरीन, म्हणजे एक चहाचा चमचा, 60 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळा. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, त्यामुळे वजनाने हे साधारण साडेनऊ टक्के होतं. चेहऱ्याला एवढं पुरे. जास्त घातलं तर चिकटपणा वाढतो आणि गाडीवर स्कार्फ बांधला तरी धूळ येऊन बसतेच. तोंड धुतल्यावर खसाखसा पुसू नका. टॉवेलने टिपा आणि दोन-तीन मिनिटांत, त्वचा ओलसर असतानाच, पाच-सहा थेंब लावा. लगेच वर साधं क्रीम किंवा अगदी पातळ पेट्रोलियम जेली. हे झाकण विसरलात तर सगळी मेहनत हवेत जाते. ओठांना नुसती जेलीच बरी.

कूलरची हवा ओली असते, तिथे ग्लिसरीनला जरा बरे दिवस येतात; पण झोत थेट तोंडावर घेऊ नका. एसीच्या खोलीत झाकण हवंच.

हे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. निव्वळ ग्लिसरीनमध्ये जंतूंना वापरता येईल असं पाणी नसतं, म्हणून ते वर्षभर टिकतं. पाणी घातलं की ते संरक्षण गेलं. गढूळ दिसलं किंवा वास आला तर फेकून द्या.

प्रश्न : आमच्याकडे ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू सारख्या प्रमाणात मिसळून लावतात. चालेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लिंबू काढा. त्याचा रस त्वचेला फार आंबट पडतो. शिवाय त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, कधी फोड येतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग महिनोन् महिने जात नाहीत. गोरं व्हायला निघालेल्यांची अशी फजिती होते. गुलाबपाणी साध्या पाण्याच्या जागी चालेल, मात्र वर दिलेल्या प्रमाणातच. सुगंधाने चेहरा चुरचुरत असेल तर तेही नको.

प्रश्न : टाचांना भेगा आहेत. तिथे किती ग्लिसरीन लावू?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : टाचेची कातडी जाड, तिथे निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी सोसतं. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा, मिश्रण लावा, वर पेट्रोलियम जेली आणि रात्रभर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर ग्लिसरीन झोंबेल. आधी ती भरू द्या. मधुमेह असेल तर घरचे प्रयोग नकोत, डॉक्टरांना पाय दाखवा. आणि सुटं, कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन घेऊ नका. बाटलीवर ‘आयपी’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं बघूनच घ्या.