वाचकांचे प्रश्न : पल्ले आणि ड्रॉवर

प्रश्न : 18 मिमी प्लायचा कपाटाचा सांगाडा स्वतःच बनवलाय, आता वर ड्रॉवर आणि खाली दोन पल्ले करायचेत. ड्रॉइंगवरची मापं घेऊन सगळे तुकडे एकदमच कापून टाकू का? टेलिस्कोपिक चॅनलसाठी (ड्रॉवर ज्यांवर आत-बाहेर सरकतो त्या पट्ट्या) ड्रॉवर किती लहान धरायचा?

उत्तर : नका कापू, प्लीज! ड्रॉइंग सांगाडा उभा राहीपर्यंत कामाचं, त्यानंतरची सगळी मापं सांगाड्यावरूनच घ्यायची, कारण कापताना, स्क्रू आवळताना एखाद-दोन मिमी कुठेतरी सरकतातच आणि ड्रॉवरला तेवढे पण खपत नाहीत. आधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर सांगाडा गुण्यात (काटकोनात) नाही, तो सरळ करून मगच मागची पाठ ठोका, नाहीतर पल्ले कितीही नीट कापले तरी वाकडेच दिसणार.

मग ड्रॉवरची मोकळी जागा पुढे, मागे, वर, खाली अशी चारही ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी भरेल ते माप धरायचं. बाजूला लागणाऱ्या या बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलला एकेका बाजूला साधारण 12.7 मिमी जागा लागते, म्हणजे 450 ची जागा असेल तर ड्रॉवर बाहेरून 424 चा करा, बाजू 12 मिमीच्या असतील आणि पुढची-मागची फळी त्यांच्यामध्ये बसणार असेल तर ती 400 ची. थोडा लहान झाला तर चॅनलमागे लॅमिनेटची पट्टी सरकवून भागतं, पण मोठा झाला तर सगळा खोलून परत कापावा लागतो, म्हणून चूक व्हायचीच तर लहान बाजूला होऊ दे. आणि दर्शनी फळी शेवटी! आधी नुसता डबा चॅनलवर चालवून बघा, मग फळी डबल टेपने चिकटवून फट सगळीकडे सारखी करा आणि आतून स्क्रू मारा.

पल्ल्यांमध्ये 2-3 मिमी फट ठेवा, एज बँडची (प्लायच्या कडेला चिकटवायच्या पट्टीची) जाडी मात्र आधीच वजा करा, ही हमखास विसरली जाते. ऑटो हिंजला (पल्ला आपोआप ओढून बंद करणाऱ्या बिजागरीला) 35 मिमीचं भोक लागतं, खोली साधारण 12, ड्रिलला खूण केल्याशिवाय हात लावू नका कारण 18 च्या प्लायमध्ये आरपार जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पल्ला महिन्याभरात वाकला. लाकूड खराब असेल का?

उत्तर : लॅमिनेट एकाच बाजूला लावलंय का ते आधी बघा. तसं असेल तर दोन बाजू हवेतला ओलावा सारख्या घेत नाहीत आणि पल्ला ताणला जातो, म्हणून आतल्या बाजूलाही पातळ का होईना लॅमिनेट हवंच. अख्ख्या लाकडाचा असेल तर गोष्ट वेगळी, लाकूड रेषेच्या (तंतूंच्या) आडवं फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच, म्हणून चौकट करून तिच्या खाचेत मधली फळी मोकळी सोडायची. त्या खाचेत गोंद अजिबात घालू नका, फळीला हलायला जागा मिळाली नाही तर ती तडकते किंवा चौकटीचे सांधे उघडते.