दुबईत गाडी घ्यावी की मेट्रोने जावं? आधी घर कुठे घेतोस ते ठरव

तुझा निरोप भाच्याने पोचवला. लोट्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून तू दुबईत जबल अलीला गोदामात सुपरवायझर म्हणून चाललास, आधी एकटा आणि सहा महिन्यांनी बायको नि चार वर्षांची मुलगी, असं त्याने सांगितलं. शारजाला असलेला तुझा चुलतभाऊ म्हणतो, "इकडे भाडं कमी आहे, इथेच फ्लॅट घे, एक जुनी गाडी घे, म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." तू मला विचारलंयस की गाडी लगेच घ्यावी का, की मेट्रो-बसवर भागेल. भाच्याचा मित्र म्हणून तूही मला मामा म्हणतोस, तेव्हा मोकळेपणी लिहितो. गणपतीपर्यंत मी गुहागरलाच आहे, पण बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच देतोय.

पहिलं वर्षभर गाडी घेऊ नकोस. आणि जबल अलीला नोकरी असताना शारजात घर तर मुळीच घेऊ नकोस. भावाचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबर असेल, त्याचं ऑफिस कुठे आहे ते मला माहीत नाही. पण तुझं गणित वेगळं आहे.

नकाशा उघडून बघ. दुबई किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरली आहे. शारजा तिच्या ईशान्य टोकाला लागून आणि जबल अली पार नैऋत्य टोकाला. शारजातल्या अल नहदापासून जबल अली पन्नास किलोमीटरच्या वर जातं, आणि हे अंतर कापताना अख्खी दुबई मध्ये लागते. शारजातून रोज सकाळी दुबईकडे निघणारे तू एकटा नसतोस. कमी भाड्यासाठी तिकडे राहणारे सगळेच त्याच वेळी त्याच दोन-तीन रस्त्यांवर येतात: अल इत्तिहाद रोड, नाहीतर ई-३११, नाहीतर अजून लांबून ई-६११. गणपतीच्या आदल्या दिवशी पेण ते माणगाव हायवेची जी अवस्था होते, ती तिथे कामाच्या दिवशी संध्याकाळची नेहमीची अवस्था असते. रस्ते उत्तम आहेत, खड्डा शोधून सापडायचा नाही, शिस्तही आहे. गाड्याच इतक्या आहेत की पुढे जागा नाही.

संध्याकाळी सहाला ड्युटी सुटली की साडेआठला घरी, आणि घरी म्हणजे इमारतीखाली, वर नव्हे. शारजाच्या त्या गल्ल्यांत पार्किंगसाठी फेऱ्या मारणारी माणसं मी पाहिली आहेत. ओळखीचा कुणी गाडी काढायला येतोय का, म्हणून गाडीत बसून वाट बघतात, आणि वर मूल झोपून गेलेलं असतं. तू मुलीला घेऊन जाणार आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. भाड्यात वाचलेले पैसे तिथे रस्ता परत घेतो, आणि वर रोजचे तीन-चार तास घेतो. घराचं भाडं आणि कामावर जाण्याचा खर्च हे दोन वेगळे आकडे धरूच नकोस, एकाच ओळीत मांड.

शारजात मेट्रो नाही. दुबईला जाणाऱ्या बसेस आहेत. अल जुबैल स्टँडहून युनियनला ई-३०३, अल घुबैबाला ई-३०६, डेरा सिटी सेंटरला ई-३०७. बसेस स्वच्छ आणि थंड आहेत, पण त्याही त्याच रस्त्याने येतात, आणि युनियनला उतरून तुला पुढे जबल अलीपर्यंत मेट्रो उरतेच. एजंट तुला "मेट्रोची नवी लाईन येतेय" असंही सांगतील. ती ब्लू लाईन. तिचं उद्दिष्ट २०२९चं आहे आणि ती मिर्दिफ, इंटरनॅशनल सिटी, सिलिकॉन ओएसिस, अकॅडमिक सिटी या बाजूला जाते. शारजाला जात नाही. त्या भरवशावर घर घेऊ नकोस.

मग राहायचं कुठे? मेट्रोच्या रेड लाईनच्या जवळ. ही लाईन ९ सप्टेंबर २००९ला सुरू झाली, ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आहेत, आणि ती विमानतळाकडून डेरा, बुर्जुमान, शेख झायेद रोड करत थेट जबल अलीकडे येते. एकटा असेपर्यंत करामा किंवा बुर दुबईत बेडस्पेस बघ, म्हणजे दुसऱ्यांबरोबरच्या खोलीत एका खाटेपुरती भाड्याची जागा. आपली माणसं भरपूर, जेवणाची सोय आहे, किराण्यात कोकम नि तांदळाचं पीठसुद्धा मिळतं. तिथल्या बुर्जुमान स्टेशनहून जबल अली स्टेशन तासाभराचं आहे, आणि हा तास रोज तेवढाच असतो. गाडीवाल्याला ही खात्री नाही. जागा घेताना एवढं बघ की मालक तुझं नाव रीतसर नोंदवतोय. पडदे नाहीतर प्लायवूड लावून पाडलेल्या पार्टिशनमध्ये स्वस्त पडतं म्हणून जाऊ नकोस, तिथे कधी बाहेर काढतील सांगता येत नाही. आणि पहिल्या आठवड्यातच वर्षाचा करार करून चेक देऊन बसू नकोस. दोन-तीन महिने महिन्याच्या भाड्यावर काढ, कामाचा रस्ता कळू दे.

आता खर्च. मेट्रो-बसच्या भाड्यासाठी नोल कार्ड काढायचं, साधं सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यात १९ दिरहम प्रवासासाठी असतात. शहर सात झोनमध्ये वाटलेलं आहे. एका झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या दोन झोनमध्ये ५, त्यापुढे कितीही लांब गेलास तरी ७.५०. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासात बस पकडलीस तर तो प्रवास एकच धरला जातो, वेगळं भाडं लागत नाही, फक्त बसमध्ये चढता-उतरता दोन्ही वेळा कार्ड टेकवायला विसरायचं नाही. म्हणजे तुझं जाणं-येणं दिवसाला १५ दिरहम. महिन्याचा सगळ्या झोनचा पास ३५० दिरहमचा आहे. कामाचे दिवस बावीस धरले तर सुटे भाडे ३३० होतात, तेव्हा फक्त कामापुरता पास घेण्यात अर्थ नाही. सुटीच्या दिवशीही फिरणार असशील किंवा सहा दिवसांचा आठवडा असेल तरच तो परवडतो. कंपनीचा एचआर पासच घे म्हणेल, तरी एकदा स्वतः बेरीज कर.

मेट्रोच्याही अडचणी सांगतो, नाहीतर तिथे जाऊन म्हणशील की मामांनी गोडच सांगितलं. सकाळी सात ते नऊ बुर्जुमान आणि युनियनला इतकी गर्दी असते की पहिली गाडी सोडावी लागते. सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी पहाटे पाच ते मध्यरात्री बारा, शुक्रवारी रात्री एकपर्यंत, पण रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते. तुझी गोदामाची ड्युटी आहे, रविवारी सकाळी सातची शिफ्ट लागली तर मेट्रो तुझ्या काही उपयोगाची नाही. हे आत्ताच विचारून ठेव. जबल अलीच्या पुढे रेड लाईनला दोन फाटे फुटतात, एक एक्स्पोकडे जातो, तेव्हा फलाटावरचा बोर्ड वाचून चढ. डब्यात खाणं-पिणं, च्युइंगम चघळणं, काहीच चालत नाही, १०० दिरहम दंड आहे. बायका-मुलांच्या डब्यात चुकून घुसलास तरी तेवढाच. तुझ्या बायकोला मात्र त्या डब्याचा मोठा आधार होईल. मुलगी पाचच्या आत आहे तोवर तिला भाडं नाही.

खरी परीक्षा स्टेशनच्या बाहेर असते. स्टेशनवरचे पादचारी पूल एसी आहेत, सरकते पट्टे आहेत, ते संपले की ऊन सुरू. ऑगस्टमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि समुद्राची दमट हवा आपल्याकडच्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटते. दहा मिनिटं चाललास की शर्ट पिळून काढावा लागतो. जबल अली फ्री झोन स्वतःच एका गावाएवढा आहे, स्टेशन जवळ म्हणजे गोदाम जवळ असं नाही. स्टेशनहून फीडर बस आहेत, पण तुझ्या गेटपासून बस थांबा किती लांब, हे पहिल्या सुटीच्या दिवशी स्वतः चालून बघ. १६ एप्रिल २०२४ला पाऊस झाला तेव्हा रस्तेही बुडाले आणि मेट्रोची काही स्टेशनं पुढे महिनाभर बंद राहिली. तेव्हा कंपनीची बस हाताशी असलेले लोक बरे राहिले.

आता गाडीकडे येतो. तू परशुराम घाटातून बाईकने रोज लोट्याला जातोस, तुझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे. पण नोकरीचा व्हिसा लागला की भारताच्या परवान्यावर तिथे गाडी चालवता येत नाही, तिथला परवाना नव्याने काढावा लागतो. लेखी परीक्षा, पार्किंगची परीक्षा, मग रोडची परीक्षा. क्लास, परीक्षा, फेरपरीक्षा सगळं धरून पाच ते सात हजार दिरहम बाजूला ठेव. आपला परवाना जुना असेल तर क्लासचे तास कमी होतात: पाच वर्षांपेक्षा जुन्याला दहा, दोन ते पाच वर्षांच्या परवान्याला पंधरा, बाकीच्यांना वीस. म्हणून जाण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओत तुझा परवाना चालू आहे ना, त्यावर चारचाकी चढवलेली आहे ना, मूळ कार्ड हातात आहे ना, हे बघ. नुसत्या बाईकच्या परवान्याचा गाडीसाठी उपयोग होत नाही. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, राउंडअबाऊटला आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि मागून चिकटून चालवलंस तर ४०० दिरहम आणि चार काळे गुण. फोन हातात दिसला तर ८०० आणि चार गुण. सिग्नल तोडला तर १००० आणि बारा गुण, वर गाडी जप्त. चोवीस गुण भरले की परवाना गेला.

परवान्यानंतरचा खर्च रोजचा. शेख झायेद रोडने आलास तर सालिकचे, म्हणजे टोलचे, दरवाजे लागतात. ३१ जानेवारी २०२५पासून कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ या वेळात दर दरवाजाला ६ दिरहम कापतात, इतर वेळी ४, रात्री १ ते ६ फुकट. शारजाहून जबल अलीपर्यंत असे चार दरवाजे लागले तर एका बाजूचे २४, दोन्ही मिळून ४८ दिरहम. मेट्रोचे १५ आणि हे ४८ शेजारी लिहून बघ, अजून पेट्रोल, विमा, दरवर्षीची नोंदणी त्यात आलेली नाही. सालिक टाळायला ई-३११ने जाता येतं, पण टाळणारे सगळेच तिथे असतात. आणि गाडीसाठी कर्ज काढलंस तर नोकरी बदलायची मोकळीक जाते. पहिल्या वर्षी माणसाला ती मोकळीक सगळ्यात जास्त लागते. मालक पटला नाही, पगार उशिरा आला, तर हप्ता त्याच पगारावर बांधलेला असतो.

कुणाला गाडी लागतेच, हेही मान्य. ज्याची शिफ्ट रात्री बारानंतर सुटते, ज्याला दिवसभरात चार साइट फिरायच्या आहेत, ज्याच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्याने गाडी घ्यावी. कारलिफ्ट नावाचा प्रकार तुला कुणीतरी सुचवेल, म्हणजे एकाच्या गाडीत चौघांनी महिन्याचे पैसे भरून जायचं. परवानगी असलेली सेवा असेल तर ठीक. साधी खासगी गाडी असेल तर ते बेकायदा आहे, पकडले तर दंड आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. परदेशात त्या भानगडीत पडू नकोस.

कुटुंब आल्यावर बेडस्पेस सोडावी लागेल, तेव्हा डिस्कव्हरी गार्डन्सकडे बघ. भाडं शारजापेक्षा जास्त, पण एक्स्पोकडच्या फाट्यावर तिथलं स्वतःचं स्टेशन आहे आणि जबल अली हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी साडेसहाला तू घरी असशील. पोरीला घेऊन खाली बागेत जायला वेळ मिळेल. सुरमई-बांगड्याची आठवण झाली की महिन्यातून एकदा डेऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटला जा, येताना बर्फाची पिशवी घेऊन टॅक्सी कर. महिन्याला चार-सहा टॅक्सी केल्यास तरी गाडीच्या हप्त्याच्या जवळपास खर्च जात नाही. परवाना मात्र या वर्षात सावकाश काढून ठेव, गाडी नसली तरी. पुढे नोकरी बदलताना "परवाना आहे का" हा प्रश्न येतोच, आणि वर्षानंतर गाडी घ्यावीशी वाटली तर हातात असेल.

आता राहिलं कंपनीकडचं. जाण्याआधी मेल कर, फोनवर विचारू नकोस, उत्तर लेखी यायला हवं. कंपनीची बस आहे का, असली तर कुठून कुठून सुटते. नसली तर प्रवासभत्ता पगारात धरलाय की वेगळा. शिफ्टच्या वेळा काय, आणि रविवारी ड्युटी किती वेळा. उत्तर आलं की ऑफर लेटर आणि परवान्याचं कार्ड घेऊन गुहागरला ये, चिपळूणहून एसटी आहेच. बसून तुझ्या पगाराचा हिशेब एकदा कागदावर मांडू.