नवा बॉल लीगमध्ये काढताना

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेनपिन बोलिंगचा, म्हणजे दहा पिन्स पाडायच्या खेळाचा तुझा नवा बॉल येत्या गुरुवारी लीगमध्ये काढू की आणखी महिनाभर सरावातच ठेवू, असं तू विचारलंस. काढ. फक्त त्या संध्याकाळी काय बघायचं ते घरूनच ठरवून ये, आणि त्यात स्कोअर नको.

सरावात तू एकटी असतेस, लेन (बॉल घरंगळत जाते ती लांब पट्टी) एकच असते आणि तिच्यावर लावलेलं ऑइल ताजं असतं. तिथे तुझ्या नव्यासारखा कुठलाही रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे कोरड्यावर जोरात वळणारा बॉल देखणाच वळतो. लीगमध्ये दर फ्रेमला, म्हणजे दर पाळीला लेन बदलते, आणि दोन्ही टीम्सचे बॉल त्याच दोन लेन्सवरून जातात. 60 फुटांच्या लेनवर ऑइल असतं साधारण पहिल्या 40 फुटांपर्यंत, मध्ये जास्त आणि कडांना कमी. अख्ख्या लेनला मिळून ते जेमतेम 20 ते 30 मिलीलिटर भरतं. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल ते शोषून घेतात, प्लॅस्टिकचे बॉल थोडं पुढे ओढून नेतात. त्यामुळे पहिल्या गेमची लेन तिसऱ्या गेमला तीच राहत नाही. नव्या बॉलचा खरा स्वभाव या बदलात कळतो, म्हणून मी तुला लीगमध्येच आण म्हणतोय.

आता बघायचं काय? पावसात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरत जातो आणि कोरड्या चिऱ्यावर आला की एकदम धरतो, तसाच हा बॉल ऑइलवर घसरतो आणि शेवटच्या कोरड्या 20 फुटांत धरतो. तो कुठे धरतो तिथे डोळा ठेव. बॉल हातातून सुटला की तुझी नजर लगेच पिन्सवर जाते. ही सवय या बॉलसोबत मोडावी लागेल. तुझ्या जुन्या प्लॅस्टिकच्या बॉलला फारसं वळणच नव्हतं, तेव्हा ते खपून गेलं.

उजव्या हाताने टाकणाऱ्याचा चांगला बॉल 1 आणि 3 नंबरच्या पिन्सच्या मधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये साधारण 6 अंशांच्या कोनाने शिरतो आणि स्वतः फक्त 1, 3, 5 आणि 9 या चारच पिन्सना लागतो. बाकीच्या सहा पिन्स एकमेकींना पाडतात. म्हणूनच एकटी 10 नंबरची पिन उभी राहिली की तिच्यावर चिडू नकोस, तिच्या शेजारच्या 6 नंबरच्या पिनकडे बघ. ती अलगद कलंडून बाजूच्या गटरमध्ये पडून राहिली असेल, तर बॉल पिन्सपर्यंत पोचेतो दमला होता. बहुतेक वेळा याचा अर्थ तो लवकर धरायला लागलाय, तुझ्या वाटेतलं ऑइल उडालंय. पाय दोन बोर्ड (लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्या) डावीकडे सरकव, निशाण एक बोर्ड. पुढच्या वेळी त्या लेनवर आलीस की परत बघ. दोन्ही लेन्सना वेगवेगळं सरकावं लागलं तरी गोंधळू नकोस, तसं सर्रास होतं.

आधी पाय हलव, मग बॉल बदलायचा विचार कर. दोन खराब फ्रेम झाल्या की बॅगेतून दुसरा बॉल काढणारे खूप पाहिलेत मी, त्यांना कुठल्याच बॉलची ओळख होत नाही. मात्र तिसऱ्या गेमला सामना अटीतटीचा असेल आणि नवा बॉल अजून कळत नसेल, तर मुकाट्याने जुना घे. टीममधल्या बाकीच्यांनीही त्यांची संध्याकाळ दिलेली असते. नवा बॉल काढतेय हे कॅप्टनला आधीच सांगून ठेव.

आणि स्पेअर, म्हणजे उरलेल्या पिन्स दुसऱ्या बॉलला पाडणं! कोपऱ्यातल्या पिन्सना नवा बॉल अजिबात लावायचा नाही. 10 नंबरच्या पिनला जुना प्लॅस्टिकचाच बॉल, लेनवरून तिरका, पण न वळवता. एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिन्स) न घेता दर फ्रेमला 9 पाडून स्पेअर केला आणि शेवटच्या जादा बॉललाही 9 पाडल्या, तर स्कोअर 190 होतो. नवा बॉल ओळखीचा होईपर्यंत टीमला सांभाळून नेतात ते हे स्पेअर.

चवथ झाली तरी हवेतला दमटपणा गेलेला नाही. घामाने अंगठा फुगतो, थोड्या वेळाने उतरतो, आणि नवं ड्रिल केलेलं भोक त्याला कधी घट्ट, कधी सैल होतं. बॉल घट्ट धरायला लागलीस की हातातून त्याची सगळी सुटकाच बिघडते, मग दोष बॉलला लागतो. टेपचे तुकडे कापून जवळ ठेव, गेममध्ये दोनतीनदा अंगठ्याच्या भोकात काढ-घाल करावी लागेल. म्हापशाहून येताना बॉल गाडीच्या डिकीत असतो ना तुझा? दुपारभर उन्हात बंद गाडीत ठेवू नकोस. उन्हाने रिअ‍ॅक्टिव्ह बॉलला भेगा जातात, आणि मग तो गेलाच म्हणून समज.

पृष्ठभागाचं एक सांगायचं राहिलं. नव्या बॉलची खरखर पहिल्या काही गेम्समध्ये झिजते, तो गुळगुळीत होत जातो आणि उशिरा धरायला लागतो. पहिल्या गुरुवारी जमलेली बॉलची वाट महिन्याने जमणार नाही, तेव्हा बॉल बिघडला असं समजू नकोस. घासायचा पॅड फिरवून खरखर परत आणता येते, पण ते खेळ सुरू व्हायच्या आधी. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांत स्पर्धा चालू असताना पृष्ठभाग घासायला मनाई आहे, आणि 2019 च्या ऑगस्टपासून मध्येच द्रव लावून पुसायलाही. कोरडा फडका चालतो. दर बॉलनंतर पूस, आणि पुसायच्या आधी त्यावर उमटलेल्या ऑइलच्या रेघा बघ. त्या अंगठ्याच्या भोकावरून जात असतील तर मला दाखव, ड्रिलिंग किंवा तुझी सुटका तपासावी लागेल.

गुरुवारी अर्धा तास आधी ये. मी दुसऱ्या लेन्सवर असेन, पण तुझ्या वॉर्मअपला मागे येऊन उभा राहीन. जुना बॉल विसरू नकोस.

तुझा,
काका