टाकी स्टीलची, मग जोडाजवळच गंज का?

प्रश्न : तासगावात द्राक्षबागेसाठी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची टाकी करून घेतली. पत्रा अजून चकचकीत, पण वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना तांबूस पट्टी उमटलीय. पत्रा डुप्लिकेट असेल का हो?

उत्तर : डुप्लिकेट असता तर बहुतेक मधला पत्राही गंजला असता, त्यामुळे मला तसं वाटत नाही. बघा, ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं, त्याच्याच ऑक्साइडचा अगदी पातळ थर स्टीलला वाचवतो. वेल्डिंग करताना जोडालगतचा भाग ४५० ते ८५० डिग्रीत जास्त वेळ राहिला की कार्बन क्रोमियमला धरतो, त्याचं कार्बाइड धातूच्या कणांच्या सीमांवर जमतं, मग सीमेलगत क्रोमियम कमी पडतं आणि गंज तिथूनच आत शिरतो. म्हणून जोडकामाला ३०४ एल घ्यायचं, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. पातळ पत्र्यात मात्र हे कमीच होतं, तिथे वेल्डिंगचा निळसर-काळा डाग तसाच ठेवल्याचा त्रास जास्त, तो फॅब्रिकेटरकडूनच पिकलिंग पेस्टने काढून घ्या, स्वतः करू नका, त्यातलं अ‍ॅसिड फार घातक असतं. आणि लोखंडी तारेचा ब्रश अजिबात मारू नका, त्याचेच कण स्टीलवर बसून गंजतात.