दुसऱ्या दिवशी एजंट गप्प

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्यांची चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, म्हणून भाच्याने टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) आपोआप उत्तरं देणारा एआय एजंट जोडून दिला. पहिल्या दिवशी उत्तरं गेली, दुसऱ्या दिवशी सगळं बंद. 'एरर १९०' दिसतो.

उत्तर : १९० म्हणजे टोकन, एजंटला व्हॉट्सअ‍ॅप वापरू देणारी गुप्त किल्ली, बाद झालं. व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, डॅशबोर्डवर सुरुवातीला मिळतं ते तात्पुरतं असतं, दिवसभरात संपतं. बिझनेस सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम यूजर' (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) तयार करून बिनमुदतीचं टोकन घ्या. पण ते कमांडमध्ये टाइप करू नका, टर्मिनलच्या हिस्टरीत जसंच्या तसं राहतं. मी एकदा दुकानातल्या सामायिक कॉम्प्युटरवर तसं केलं आणि रात्री धावतपळत टोकन बदललं. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तिला सीएचमॉड ६०० लावा (म्हणजे ती फक्त तुमच्याच खात्यातून उघडेल), स्क्रिप्टला तिथूनच वाचू द्या. मग कर्लने (टर्मिनलमधून विनंती पाठवणारी कमांड) स्वतःच्या नंबरवर मेसेज पाठवून बघा.

गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले, की एजंटला मोकळं उत्तर देता येत नाही. फक्त व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मंजूर झालेलं टेम्प्लेट (ठरलेल्या साच्याचा मेसेज) जातं.

आणि पेटीचा भाव एजंटला कधीही ठरवू देऊ नका. रोज सकाळी तुम्ही लिहिलेल्या दरपत्रकातूनच तो सांगू दे.